मनालीला बर्फाचा ऑरेंज इशारा, फोनवर मात्र ९ अंश. बर्फ पडेल का? बुकिंग रद्द करू का?

(विचारलेला प्रश्न: आम्ही म्हापशाहून सहा जण, त्यात सासूबाई आणि दोन मुलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मनालीला जातोय. दिल्लीहून भाड्याची गाडी आहे. शिमल्याच्या हवामान केंद्राने कुल्लू जिल्ह्यासाठी ४ तारखेला पाऊस-बर्फाचा ऑरेंज इशारा दिलाय. फोन मात्र मनालीला ९ अंश आणि ढगाआडून सूर्य दाखवतो. ९ अंशावर बर्फ कसा पडेल? बुकिंग रद्द करावं का?)

पडेल. मनाली गावात कदाचित नुसता पाऊसच होईल, पण तुम्ही काही मॉल रोडवर बसायला जात नाही. मनालीला जाणारे बहुतेक जण जातात तसे तुम्हीही अटल बोगद्यापलीकडे सिस्सू गावाला बर्फ बघायला जाणार. तिथे पडेल, आणि चांगला पडेल.

रद्द करायचं की नाही ते पुढे बघू. आधी तो "फोनवर ९ अंश" निकालात काढायचाय. हेच वाक्य आमच्या भावजींनी (थोरल्या बहिणीचे यजमान, फोंड्याला असतात) मला मनालीच्या हॉटेलच्या गॅलरीतून फोनवर ऐकवलं होतं. त्यांचा आकडा ११ होता, एवढाच फरक. तेव्हापासून दर चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना "हवामान खात्याचा अंदाज आणि आमच्या मेव्हण्याचा अंदाज" हा त्यांचा ठरलेला विनोद असतो.

९ हे कमाल तापमान. दुपारी, पाऊस सुरू व्हायच्या आधी पारा जिथवर चढेल तो आकडा. बर्फ पडायला लागतो तेव्हाचं तापमान ते नव्हे. ढग दाटून पाऊस सुरू झाला की तासाभरात चार-पाच अंश सहज उतरतात.

शिवाय हे ९ कुठल्या उंचीवरचे, ते ॲप सांगत नाही. ॲपच्या मागे हवामानाचं जे संगणकी मॉडेल असतं ते जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफचा ९ किलोमीटरचा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेल्या आणि २०२५ पासून हवामान खातं वापरत असलेल्या भारत फोरकास्ट सिस्टमचा ६ किलोमीटरचा. मनालीच्या आसपास ९ किलोमीटरचा चौकोन आखलात तर त्यात २,०५० मीटरवरचं गाव येतं आणि त्याच्या डोक्यावरचे साडेतीन-चार हजार मीटरचे डोंगरही येतात. मॉडेल त्या सगळ्याला मिळून एकच उंची देतं. काही ॲप्स त्यात गावाच्या उंचीची दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. गोव्यात राहून ही भानगड कधी लक्षातच येत नाही, कारण म्हापसा काय आणि मडगाव काय, दोन्ही समुद्राच्या पातळीला चिकटलेली. डिसेंबरच्या पहाटे चोर्ला घाट चढून गेलात तर थोडी कल्पना येईल.

आता हिशेब करा. अटल बोगद्याचं मनालीकडचं तोंड ३,०६० मीटरवर आहे, म्हणजे गावापेक्षा हजार मीटर वर. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. गावात ९ असतील तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी अडीच-तीन. त्यात हवा जरा कोरडी असेल, आर्द्रता ६० टक्के धरा, तर वरून पडणारा ओलावा वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतो आणि ३ अंशांची हवा जवळजवळ शून्यावर येते. नुसता मडक्यातल्या पाण्याचा न्याय. पाऊस जोराचा असेल तर आणखी एक गोष्ट घडते. वरून येणारा बर्फ वाटेत वितळतो, आणि वितळताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता हवेतून घेतो. त्यामुळे बर्फाची पातळी दोन-तीन तासांत काही शे मीटर खाली सरकू शकते. चार वाजता मनाली आणि बोगद्याच्या मधल्या सोलंगला पाऊस, सहाला चिखलासारखा अर्धवट बर्फ आणि नऊला सगळं पांढरं, हे एप्रिलमध्येही होतं.

म्हणून डोंगरात जाताना तापमान बघू नका, शून्य अंशाची उंची बघा. हवामानाचे नकाशे दाखवणाऱ्या ॲप्समध्ये "फ्रीझिंग लेव्हल" म्हणून पर्याय असतो. त्यातून ३०० मीटर वजा करा, तिथपर्यंत बर्फ टिकून पडतो. पाऊस जोराचा सांगितला असेल तर ५०० वजा करा. २,८०० मीटर दिसत असेल तर बर्फ सोलंगपर्यंत, म्हणजे २,५०० च्या आसपास येणार. ३,६०० दिसत असेल तर बोगद्याच्या दोन्ही तोंडांना पाऊसच. आणि किती पडेल ते मिलिमीटरवरून काढा. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ १० मिलिमीटर पाण्याला १०-१५ सेंटिमीटर आणि वर साचतो, एप्रिलचा ओला बर्फ पाच ते आठच. पण कमी म्हणून खूश होऊ नका. वजन तेवढंच असतं, चौरस मीटरवर मिलिमीटरमागे एक किलो. १० चौरस मीटरच्या पत्र्यावर ३० मिलिमीटरचा बर्फ म्हणजे ३०० किलो. देवदाराच्या फांद्या मोडतात, विजेच्या तारा तुटतात ते याच बर्फाने.

आता भावजी. शिमला केंद्राचं पत्रक जिल्हावार असतं, पण शब्द मोजूनमापून वापरलेले असतात आणि ते कोणी वाचत नाही, सगळे रंग बघतात. पत्रकात "आयसोलेटेड" म्हणजे जिल्ह्यातल्या पाव भागात किंवा त्याहून कमी ठिकाणी, "वाइडस्प्रेड" म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त ठिकाणी. हा शब्द पसरटपणा सांगतो, जोर नव्हे. "आयसोलेटेड हेवी" वाचून भावजी म्हणाले, "म्हणजे किरकोळ आहे रे." किरकोळ नाही. थोड्याच ठिकाणी, पण पडेल तिथे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर आणि वर. शिवाय मनाली कुल्लू जिल्ह्यात आणि बोगद्याचं पलीकडचं तोंड, सिस्सू, लाहौल-स्पितीत. फक्त कुल्लूचा रंग बघून सिस्सूला जाणं म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याचा अंदाज वाचून दक्षिण टोकाच्या काणकोणला वाळवणं घालणं. तुम्हीही फक्त कुल्लूचाच इशारा लिहिलाय. लाहौल-स्पितीचा बघा.

आणि सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. हवामान खात्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. "४ तारखेला बर्फ" याचा अर्थ ४ च्या सकाळी साडेआठपासून ५ च्या सकाळी साडेआठपर्यंत कधीही. भावजींचाही इशारा ४ चाच होता. त्यांनी ४ तारखेला सकाळी आठला मला फोन केला: "अरे खंयचें बर्फ, हांगा वोत पडलां!" ऊन पडलंच होतं. अंदाजाचा दिवस उजाडायला अजून अर्धा तास होता.

३ च्या रात्रीच मी त्यांना सांगितलं होतं की उद्या पलीकडे जाऊ नका, गेलातच तर एक वाजता परत फिरा. त्यावर त्यांचं म्हणणं, "कालपेक्षा थंडी कमी झालीय." बरोबर, होणारच. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयात जो बर्फ पडतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा, आपली वर्तमानपत्रं ज्याला पश्चिमी झंझावात लिहितात तो. तो जवळ आला की त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडून उबदार, दमट वारा येतो, वर ढगांचं पांघरूण पडतं आणि रात्रीचं किमान तापमान चढतं. समुद्रावरही हाच क्रम. फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडीची रेषा, यायच्या आधी नैर्ऋत्येचा ऊबदार वारा, बॅरोमीटर उतरत जाणारा, मग पावसाची भिंत, मग वारा एका झटक्यात वायव्येला वळतो, पारा उतरतो आणि बॅरोमीटर चढायला लागतो. डोंगरात ही रेषा दऱ्याखोऱ्यांमुळे फाटते, दरीतला वारा आपल्याच मर्जीने वाहतो, पण क्रम तोच. आधी ऊब, मग बर्फ, आणि खरी थंडी सगळं मोकळं झाल्यावर. मनालीत रात्र अचानक सुखाची वाटली की दुसऱ्या दिवसाचा बेत बदलावा.

भावजी दहाला निघाले, साडेअकराला सिस्सूला पोचले. सूर्याभोवती खळं होतं, ते ताईने फोटोत काढून पाठवलं. खळं म्हणजे वर सात-आठ किलोमीटरवर बर्फकणांचे पातळ ढग आलेत. पश्चिमी विक्षोभ जवळ असताना ते दिसलं तर बहुतेक वेळा अर्ध्या दिवसात खालचे ढग येतात. सव्वादोनला साबुदाण्यासारखे पांढरे दाणे पडायला लागले, जॅकेटवर पडून टणटण उडणारे. हे गारा नव्हेत, बर्फाच्या चांदण्यांवर गोठलेलं पाणी चढून झालेल्या गोळ्या. एप्रिलच्या वादळाची सुरुवात बऱ्याचदा यांनीच होते, पाठोपाठ एखादा गडगडाटही होतो, कारण दुपारपर्यंत जमीन तापलेली असते. मुलं नाचत होती, भावजींनी ताईचा विरोध मोडून पिशवीतली काजूची फेणी काढली. (फेणीने ऊब येते ती कातडीपुरती. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पोटातली उष्णता बाहेर जाते. तीन हजार मीटरवर तर नकोच.) तीनला रुपयाएवढे ओले तुकडे, आणि चारला बोगद्याकडे गाड्यांची रांग.

९.०२ किलोमीटरचा बोगदा आतून कोरडा असतो. अडकतात ते त्याच्या तोंडाबाहेर. मनालीच्या बाजूने बाहेर पडलं की लगेच धुंदी नावाच्या ठिकाणापासून सोलंगपर्यंतचा उतार, आणि तिथे गुळगुळीत टायरच्या दोन टॅक्स्या आडव्या झाल्या की मागे शंभर गाड्या. बारा-तेरा किलोमीटरना सहा तास लागले. हॉटेलवर पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अंदाज चुकला कुठे?

पण भावजींच्या मते चुकला, कारण त्यांचं नुकसान त्या दिवशी झालंच नाही. ५ ला दुपारपर्यंत रिपरिप झाली, संध्याकाळी आकाश मोकळं झालं. ५ च्या पत्रकात स्वच्छ हवामान आणि किमान तापमानात घट लिहिली होती. भावजींनी "स्वच्छ" एवढंच वाचलं. ६ ला सकाळी साडेसहाला, उणे ३ असताना, हॉटेलच्या उतारावरून भाड्याची गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर ती सरळ गटारात. वेग असेल वीसच्या आतबाहेर. बंपर, हेडलाइट, डिपॉझिट, सगळं गेलं. त्यांचा युक्तिवाद आजही असा की बर्फाच्या इशाऱ्याच्या दिवशी काही झालं नाही आणि "स्वच्छ"च्या दिवशी गाडी आपटली, म्हणजे खात्याला काही कळत नाही.

झालं काय ते बघा. ५ च्या संध्याकाळी रस्त्याकडेच्या ढिगांतून पाणी वाहून डांबरावर आलं, रात्री आकाश मोकळं असल्याने जमिनीची उष्णता निघून गेली आणि त्या पाण्याची काच झाली. ही काच दिसत नाही, डांबर नुसतं ओलं वाटतं. ३० च्या वेगाने कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारलात तर गाडी साधारण ५ मीटरमध्ये थांबते, बर्फाच्या काचेवर ३५ मीटर लागतात. वळणात ३५ मीटर कुठून आणणार? सावलीतली वळणं, पुलांचे माथे आणि हॉटेलांचे उतार, ही तीन ठिकाणं सकाळी दहापर्यंत धरून चालावीत. त्याच उन्हात दुसरा धोका वर असतो. ताजा बर्फ ऊन लागून जड होतो आणि कड्यावरून सुटतो. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था देते, १ ते ५ अशा पातळ्यांत. बर्फानंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवशी ३ किंवा वर असेल तर बोगद्यापलीकडे लाहौलच्या दरीत जाऊ नये, रस्ता उघडा असला तरी.

तर तुमचा प्रश्न. रद्द करू नका, सरकवा. ४ आणि ५ मनालीत किंवा खाली नग्गर-कुल्लूला काढा, बोगदा ७ ला ठेवा. ६ ला निघालाच तर अकरानंतर. मुलांना बर्फ हवाच असेल तर ७ ला सिस्सूला भरपूर असेल, तो एका दिवसात कुठे जात नाही.

वर जाताना चालकाला दोन गोष्टी विचारा, टायरच्या खाचा किती आणि साखळ्या आहेत का. साखळ्या ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांनाच लावतात. छोट्या गाड्यांत बहुधा पुढच्या चाकांना. लावल्यावर पन्नास-शंभर मीटर जाऊन उतरून पुन्हा ताणायच्या, नाहीतर सुटून मडगार्ड फाडतात. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता. बर्फ असला की पोलीस मनालीच्या जरा वरच्या नेहरू कुंडाच्या पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात, तिथे हुज्जत घालू नका. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो गोठून बसतो. कोणी गोव्याहून स्वतःची गाडी नेणार असेल तर रेडिएटर तपासूनच निघावं. आपल्याकडे मेकॅनिक बिनधास्त नळाचं पाणी ओततात. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं आणि रेडिएटर फाडतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर मनालीची थंडी काही करत नाही.

हे सगळं वरचं झालं. खालचं विसरू नका. ऑरेंज इशाऱ्यात मनालीला पोचणंच अवघड होऊ शकतं, कारण मंडी ते औट हा पट्टा पावसात दरडींचा. तिथे अडकलात तर बर्फ न बघताच दिवस जातो. ४ तारखेला तुम्ही प्रवासात असाल तर चंदीगडला एक रात्र थांबणं परवडेल. आणि हेही सांगतो, मी हवामान खात्यात नाही, जन्म बोटीवर गेला. पश्चिमी विक्षोभ येतोय हे पाच-सात दिवस आधी कळतं, कुठल्या दिवशी ते तीन दिवस आधी, पण बर्फ नक्की सोलंगला की मनालीत हे २४ तास आधीही दोनशे-तीनशे मीटरने चुकतं. त्या बाबतीत भावजी अगदीच खोटं बोलत नाहीत. सासूबाईंना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर सिस्सू तीन हजारांच्या वर आहे, आधी डॉक्टरांना विचारा. मग माझा हिशेब बाजूला ठेवा.

३ तारखेचं संध्याकाळचं पत्रक आलं की दोन्ही जिल्ह्यांचं इथे टाका, फोनचा स्क्रीनशॉट नको. वाचून सांगतो. आणि ताई, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. त्यांना ते साडेआठचं चवथीच्या आधी एकदा समजावून सांग.